डोक्यावरचा पंखा बंद करून

“‘वेळेत मिळाला. खोका मजबूत. अजून उघडलेला नाही. पाच तारे,’” मी वाचलं.

“उघडला नाही तर पाच कसले दिले?” प्रमदामावशी म्हणाली. ती पलंगावर डोळे मिटून आडवी होती, एक हात गळ्यावर. “पुढचं वाच.”

“‘नवऱ्यासाठी घेतला. नवरा खूश.’”

“बरं झालं. पुढचं.”

“‘कुरिअरवाल्यानं शेजारी ठेवून दिला. शेजाऱ्यांशी आमचं बोलणं नाही. एक तारा.’”

मावशी हसली. हसता हसता खोकली आणि गळ्यावरचा हात तिनं जरा दाबून धरला. “यात पंख्याचा काय दोष गं?”

संगणकाचा पंखा. प्रोसेसर थंड ठेवणारा, तळहाताएवढा. त्या भाद्रपदात आम्ही दोघी रोज दुपारी तेवढंच करत होतो. मी मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायची आणि ती ऐकायची. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन मिरजेला तिच्याकडे राहायला आले होते. नोकरीचे अर्ज केले होते, उत्तरं यायची होती. मावशी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. लग्न केलेलं नव्हतं. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि दिवाळी झाली की शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, “आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. बोलता येईल. गाता येईल की नाही, आणि आलं तर कसं, हे मी आज सांगू शकत नाही.”

तिच्या गुरू, ज्यांना ती माई म्हणायची, त्यांच्याकडून आलेल्या बंदिशी तिला त्याआधी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या होत्या. कागदावर त्या सगळ्या होत्या, नोटेशनसकट. “कागदावर सूर उतरतो,” ती म्हणायची, “सुरापर्यंत जायची वाट उतरत नाही. ती गळ्यातच असते. आणि गळ्याचं हे असं.”

आधी आम्ही फोनवर करून पाहिलं. ऐकलं तर मावशीचा आवाज होता आणि तानपुरा नव्हता. फोन हुशार असतो. जो आवाज थांबतच नाही तो गोंगाट, असं समजून तो कापून टाकतो. मावशी बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिली. “मी हवेत गातेय,” ती म्हणाली. “पायाखाली जमीनच नाही.”

मग मी शिकताना वापरलेला माझा जुना संगणक काढला आणि एक बरा माइक जोडला. माइकची तार आखूड होती. लांब तार लावली की आवाज तुटायचा, त्यामुळे संगणक खोलीतच ठेवावा लागला, आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. तो बदलल्याशिवाय काही होणार नव्हतं. आवाज न करणारा पंखा हवा होता, आणि तो ऐकून घेता येत नव्हता. कुठल्या तरी दूरच्या गोदामातून खोक्यात बसून तो येणार होता. त्याच्याबद्दल जे काही कळायचं ते अनोळखी माणसांकडूनच.

“अजिबात आवाज नाही, असं किती जण म्हणतायत?” मावशीनं विचारलं.

“शेकड्यांनी.”

“मग घे की.”

“मावशी, हे सगळे मोजमापाची यंत्रं आहेत असं समज. यंत्र किती बारीक मोजतं ते कळल्याशिवाय त्याचा आकडा घेत नाहीत.”

“माणसं आहेत गं ती.”

“तेच. माणसाच्या कानावर त्याचं लघुतम माप लिहिलेलं नसतं.”

तेव्हा मला असं बोलायला आवडायचं. पण काम मी मनापासून करत होते. ज्यांनी खोकं उघडायच्या आधी लिहिलं ते मी वगळले. ज्यांना रंगीत दिवे आवडले तेही वगळले. वेगवेगळ्या नावांच्या काही जणांनी एकाच आठवड्यात, एकच वाक्य, त्याच चुकीसकट लिहिलं होतं. “एकाच घरचे वऱ्हाडी दिसतात,” मावशी म्हणाली. तेही गेले. तरी खूप उरले. मग मी त्या माणसांनी दुसऱ्या वस्तूंबद्दल काय लिहिलंय ते बघायला लागले. पंखा गप्प आहे म्हणणाऱ्या एका बाईंनी मिक्सरही गप्प आहे म्हटलं होतं. एकाला बांगड्यांच्या स्टँडपासून ड्रिल मशिनपर्यंत सगळंच ‘लय भारी’ वाटलं होतं.

“गोड माणूस,” मावशी म्हणाली. “पण उपयोगाचा नाही.”

असं चाळता चाळता नाबर सापडले.

एस. के. नाबर, एवढंच नाव. गाव नाही, फोटो नाही. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ परत केलं होतं, कारण सेकंदकाटा चढणीवर वेगळा वाजतो आणि उतरणीवर वेगळा. फ्रिजबद्दल लिहिलं होतं की तो सुरू होताना उसासा टाकतो, पण मग विसरून जातो. चपलांबद्दल एकच ओळ होती: ‘डावी बोलते.’ मावशी पलंगावर उठून बसली.

“परत वाच.”

मी वाचलं.

“हा माणूस कुठं राहत असेल गं?”

“माहीत नाही.”

“समुद्राजवळ नाही. समुद्राजवळच्याला चपला ऐकू येत नाहीत.” ती खिडकीबाहेर बघत होती. “एकटा असणार. किंवा घरात कोणी आजारी असेल, झोप पातळ असेल. सगळे निजल्यावर हा बसून घर ऐकत असेल.”

त्यानंतरच्या दुपारी आम्ही पंख्यांपेक्षा नाबरच जास्त वाचले. उन्हं भिंतीवरून सरकायची आणि मी त्यांची उशी, त्यांची छत्री, त्यांचा दाराचा कडीकोयंडा वाचून दाखवायची. मावशीच्या मनात त्यांचं घर हळूहळू उभं राहिलं. उंच जोत्याचं, शहाबादी फरशीचं, मागं एक मोठं झाड. एकदा ती म्हणाली की ती स्वप्नात तिथं जाऊन आली आणि नाबरांनी तिला चहा दिला, कपाचा आवाज न करता.

पंख्यावरही त्यांनी लिहिलं होतं. बाकी सगळ्यांनी पाच तारे दिलेल्या एका पंख्याला त्यांचे तीन होते.

‘आवाज येतो. जे येत नाही म्हणतात त्यांनी डोक्यावरचा पंखा बंद करून पाहावा. आवाज एकाच सुराचा आहे, खालच्या अंगाचा, हलत नाही. दोन दिवसांनी मला तो ऐकू येईनासा झाला. वीज गेली तेव्हा कळलं की तो होता.’

मी उठून डोक्यावरचा पंखा बंद केला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. लांब कुठं तरी कुणी लाकूड तासत होतं. खरंच, आपल्याकडे बिनपंख्याच्या खोलीत संगणक ऐकलाय कुणी? त्या शेकडो लोकांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर मोठा पंखा फिरत होता, एवढंच.

“हाच घेऊया,” मी म्हटलं.

“तीन ताऱ्यांचा?”

“आवाज किती येतो हे ज्याला कळलं त्याचंच खरं धरायचं. आणि तो हलत नाही म्हणतायत. जो आवाज हलत नाही तो नंतर गणितानं वजा करता येतो.”

“फोननं तानपुरा केला तसा?”

“तसा नाही. मी बघून करीन.”

पंखा आला. मी तो बसवला आणि त्याचा वेग एका जागी बांधून टाकला, म्हणजे तो कमीजास्त होणार नाही. दारं-खिडक्या लावून आम्ही दोघी ऐकत बसलो. अगदी थोडा आवाज होता, दूरच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

“हं,” मावशी म्हणाली. “येतो. पण वाईट नाही.”

ध्वनिमुद्रण आम्ही पहाटे करायचो, रस्ता जागा व्हायच्या आधी. मागच्या खोलीला आम्ही आतून गाद्या लावल्या होत्या. संगणक सुरू व्हायला वेळ घ्यायचा म्हणून मी आधी जाऊन तो लावायची. मग मावशी यायची, शाल गुंडाळून, पावलांचा आवाज न करता, आणि अंधारातच तानपुरा लावायची. तिनं कधी पेटीचा सूर घेतला नाही. पेटी शिकणाऱ्या मुलींसाठी. स्वतःचा षड्ज ती मनातून काढायची. काळी चार. पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. माईंनी ती पट्टी तिला तरुणपणी दिली होती आणि ‘पट्टी उतरली की गाणं उतरलं’ असंही सांगितलं होतं.

त्या पहाटा मला आजही नीट वेगवेगळ्या आठवत नाहीत. सगळ्या एकात एक मिसळल्या आहेत. काचेवर दव असायचं. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ श्वास घेतल्यासारखी फुगायची आणि बसायची. मी कानाला हेडफोन लावून भिंतीला टेकायची आणि अर्धी झोपेतच असायची. मावशी एक बंदिश म्हणायची, थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची, दुसरी धरायची. तिचा आवाज दिवसेंदिवस रुंद होत गेला. वरच्या षड्जावर जाऊन ती तिथं राहायची. पाण्यात पाय सोडून कुणी घाटावर बसावं, तशी.

“ही खोली चांगली आहे,” ती म्हणायची. “या गाद्यांनी गळ्याला किती आराम मिळालाय. आधी का नाही सुचलं गं हे?”

शस्त्रक्रियेला थोडेच दिवस उरले असताना बशीरमामा आले. बशीरमामा तारकर, तानपुऱ्याच्या तारा बदलणं आणि जवारी लावणं, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर दोरा बसवून सूर घुमता करणं, हे त्यांच्या घराण्याचं काम. मावशीचा तानपुरा त्यांच्या वडिलांनी बनवलेला होता. मावशीनं मला शिकवण्या घेते ती बाहेरची खोली आवरायला लावली होती, आणि ती चहा ठेवत होती. मामांनी मागच्या खोलीत जाऊन तानपुरा मांडीवर घेतला, एकदा छेडला, आणि हात तारांवर ठेवून त्या बंद केल्या.

“बाई,” ते म्हणाले.

“काय?”

“काय नाही. जवारी बसलीय. तारा सैल वाटायल्यात.”

“सैल कशा असतील? रोज लावते.”

“लावता की. तसं न्हवं.” ते परत छेडून ऐकत राहिले. मग घोडीवरच्या दोऱ्याकडे बघत, जणू दोऱ्यालाच सांगत म्हणाले, “पट्टी उतरवलीसा काय, म्हटलं.”

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “मी? पट्टी?”

“माझा कान म्हातारा झालाय, बाई. असू दे.”

“असू दे कसं? ऋजू, पेटी आण.”

मी पेटी आणली. काळी चार दाबली. तानपुरा तिच्या बराच खाली होता, जवळजवळ काळी तीनपर्यंत. मावशीनं ट्रे खाली ठेवला नाही.

“हवा बदललीय,” ती म्हणाली. “थंडी पडतेय. उतरला असेल.”

“थंडीनं वर चढतंय,” बशीरमामा हळूच म्हणाले.

मला तेव्हा संगणक ऐकू आला. मी रोज सगळ्यात आधी चालू करते तो संगणक. त्या वेळीही तो चालू होता. पंख्याची पाती फिरताना हवेला ठरावीक वेळा कापतात. एका सेकंदात जितके काप, तितकी कंपनं. म्हणजे पंख्याला स्वर असतो. हे मला परीक्षेत आलं असतं तर मी झोपेतही लिहिलं असतं.

“मावशी,” मी म्हटलं, “एक करशील? मागच्या अंगणात जाऊन उभी राहा. थोडा वेळ दुसरं काही ऐक. मग षड्ज लाव.”

“माझी परीक्षा घेतेयस?”

“पंख्याची घेतेय.”

ती गेली. धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली. साळुंक्या भांडत होत्या. बराच वेळ गेल्यावर तिनं षड्ज लावला. मी पडवीत पेटीवर बोट ठेवलं. काळी चार, बरोब्बर. केसभरही इकडेतिकडे नाही.

“बघ,” ती म्हणाली.

“आता आत ये. तानपुरा नको. नुसती बस जरा.”

ती आत आली आणि बसली. बशीरमामा खाली बघत होते. संगणक आपला गुणगुणत होता, एकाच सुरात, न हलता. “आता लाव,” मी म्हटलं. तिनं तोंड उघडलं आणि षड्ज लावला. मी पेटीवर बोट ठेवायच्या आधीच तिला कळलं. अर्ध्यावर सोडून ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाकून संगणक बंद केला. पंखा थांबत थांबत थांबला, आणि खोलीतून जमीन काढून घेतल्यासारखं झालं.

“म्हणजे इतके दिवस,” मावशी म्हणाली, “मी ह्याच्या साथीला गातेय.”

चहावर साय धरली.

“पुसून टाक सगळं.”

“मावशी.”

“पुसून टाक. माईंच्या बंदिशी, पंख्याच्या पट्टीत. उद्यापासून परत करू. काळी चारमध्ये. मामा, तारा चढवा.”

बशीरमामांनी खुंट्या पिळल्या. आदल्या दिवसापर्यंत संथ असलेला तानपुरा ताणून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पेटीचा सूर घेऊन बसली. मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. मी संगणक तिच्यानंतर लावला, आणि एका कानात पेटीचा सूर धरून ती गायली. पहिल्या दोन बंदिशी झाल्या. तिसरीच्या अंतऱ्यात वर जाताना आवाज चिरला. ती थांबली, पाणी प्यायली, परत गेली. परत चिरला. तिनं नकळत डावीकडे हात केला. शिकवणीत ती करायची तसा, ‘म्हणा गं’ म्हणताना. डावीकडे कुणीच नव्हतं.

बशीरमामा त्या दिवशी पुन्हा आले. कुणी बोलावलं नव्हतं. जवारी बघायची राहिली होती, म्हणाले. ते दाराशी चटईवर बसले आणि त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.

“मला एक सुचलंय,” मी म्हटलं. रात्रभर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. “पंख्याचा वेग मी बांधलेला आहे. तो थोडा वाढवला की पंखा काळी चारमध्ये येईल. मग तो तुला खाली ओढणार नाही. उलट धरून ठेवील.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नाही.

“पंख्याला वर नेशील,” ती म्हणाली. “आणि मला?”

मी हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

“ऋजू, इकडे ये. बस समोर.” तिनं शाल नीट केली. “महिनाभर तू मला लोकांचं वाचून दाखवत होतीस. हा गोड आहे, ह्यानं उघडलंच नाही, ह्याच्या डोक्यावर पंखा फिरतोय. माझ्या गाण्याबद्दल मला सगळे काय सांगतात माहितीय? ‘बाई, आवाज अजून तसाच आहे.’ मुली सांगतात. त्यांच्या आया सांगतात. गणपतीत गायले तेव्हा ते अध्यक्ष म्हणाले, वयच कळत नाही. आता तू सांग.”

“मी दोन्ही ऐकवते. कालचं आणि आजचं.”

“मशीन नको. तुला काय ऐकू आलं ते.”

“मला गाण्यातलं कळत नाही.”

“कळत नाही म्हणूनच तुला विचारतेय. कळणारे फार सांभाळून बोलतात.”

बाहेर दूधवाल्याची घंटी वाजली आणि पुढं गेली. मी हेडफोनची तार बोटाला गुंडाळत होते.

“काळी चारमध्ये तू वरच्या षड्जापर्यंत पोचतेस,” मी म्हटलं. “पण तिथं थांबत नाहीस. हात लावून परत येतेस. आणि थांबायची जागा आली की मुलींना म्हणायला लावतेस. त्या म्हणत असतात तेव्हा तू त्यांच्याकडे बघत नाहीस, खिडकीकडे बघतेस.”

“पुढं.”

“या महिन्यात तू कुणाला म्हणायला लावलं नाहीस. कुणी नव्हतंच इथं. आणि तू तिथं राहिलीस. पहिल्या काही दिवसांत कमी, मग जास्त. मला वाटलं गाद्यांमुळं.”

“मलाही,” ती म्हणाली. “हे खिडकीकडे बघणं कधीपासूनचं?”

“मी नववीत असताना सुट्टीत आले होते तेव्हापासून.”

मावशीचे ओठ मनातल्या मनात वर्षं मोजत असल्यासारखे हलले. मग ती बशीरमामांकडे वळली. ते पिशवीच्या नाडीची गाठ सोडत होते, परत मारत होते.

“मामा, तुम्हाला माहीत होतं?”

“बाई, तारा लावणं आमचं काम.”

“मी विचारलं, माहीत होतं का.”

“होतं की.” त्यांनी गाठ तशीच सोडून दिली. “पण पट्टी गाणाऱ्यानं सांगायची असती. तारकरानं न्हाई. माझ्या बापानं एकदा एका बुवाला सांगितलं, जरा उतरवून बघा. त्यो बुवा पुन्हा दुकानाची पायरी चढला न्हाई. बाप मरेपर्यंत म्हणायचा, माझं एक गिऱ्हाईक मी जिभेनं घालवलं.”

“मी काय गिऱ्हाईक आहे का?”

“न्हाई. म्हणून तर बोललो न्हाई.”

मावशी हसली. तो आवाज न करता हसण्याचा प्रकार तिनं गाठ निघाल्यापासून शिकून घेतला होता. मग तिनं तानपुरा उचलला आणि बाळ दुसऱ्याच्या हातात द्यावं तसा मामांच्या मांडीवर दिला.

“सैल तारांवर जवारी बसते म्हणालात ना? जाड तारा घाला. काळी तीनच्या. आणि ऋजू, काही पुसू नकोस. होतं तसं ठेव.”

“पहिल्या बंदिशी वेगळ्या पट्टीत आहेत, मावशी. रोज थोडी थोडी खाली येत गेलीयस. मी ते गणितानं सरळ करू शकते. सगळं एका पट्टीत.”

“नको. उतरले तशी दिसू दे उतरताना.”

मामा दुकानातून तारा आणायला गेले. येईपर्यंत ऊन अंगणात आलं होतं आणि रस्ता जागा झाला होता. हातगाड्या, शाळेच्या रिक्षा. ध्वनिमुद्रणाची वेळ टळून गेली होती. तरी तारा चढल्या, सूर बारीक जुळवायचे मणी सरकवून झाले, दोरा घोडीवर बसला, आणि त्यांनी छेडलं तेव्हा मावशीनं उठून दार लावलं नाही. तिनं मला संगणक लावायला सांगितला. पंखा फिरला आणि तानपुऱ्यात नाहीसा झाला. मग तिनं महिनाभर जी मागं मागं ठेवत होती ती बंदिश धरली. माईंची सगळ्यात आवडती, जिचा अंतरा वरच्या षड्जावरच सुरू होतो. त्या ध्वनिमुद्रणात एक रिक्षा आहे, आणि एका मुलाला त्याची आई डबा विसरला म्हणून हाक मारते तेही आहे. मी ते काढलेलं नाही.

उरलेल्या बंदिशी दिवाळीच्या आदल्या दिवशी संपल्या.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मला नोकरी लागली. मी आवाज मोजायच्याच कामात आहे, आणि नवी माणसं हाताखाली आली की पहिल्या दिवशी त्यांना डोक्यावरचा पंखा बंद करायला लावते. ती हसतात. नाबरांनी पुढं लिहायचं थांबवलं. मी बरेच दिवस बघत होते. शेवटचं त्यांनी एका खिडकीच्या पडद्याबद्दल लिहिलं होतं, चार तारे.

शस्त्रक्रिया नीट झाली. नस वाचली, पण पूर्ण नाही. महिनाभर बोलायचं नव्हतं. मावशी पाटीवर लिहायची, आणि पाटी पुसायला लागायची म्हणून कमी लिहायची. दुपारी मी तिला तिचंच गाणं लावून द्यायची. ती डोळे मिटून ऐकायची, आधी उंच, मग दिवसामागून दिवस खाली येत गेलेलं, शेवटी एका जागी राहिलेलं. कधी कधी ऐकता ऐकता तिला झोप लागायची.

आवाज काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी बशीरमामा नव्या दोऱ्याचं बंडल घेऊन आले. तानपुरा त्यांच्या मांडीवर होता, हात खुंटीवर. मावशी समोर बसली. तिनं सकाळपासून एक शब्द उच्चारला नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि ती आम्हाला दिसत होती.

“कितीला लावू, बाई?” मामांनी विचारलं.

मावशीनं तोंड उघडलं. मिटलं. मग बोलली. आवाज खरखरीत होता, अनोळखी, कुणी दुसरीच बाई खोलीत आल्यासारखा.

“तुम्ही सांगा.”

मामांनी तानपुरा कानाजवळ घेतला.

“मग बोला काय तरी,” ते म्हणाले. “काय बी. थांबू नका.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग ती बोलायला लागली. महिनाभर मऊ भात खाऊन जीव कसा विटलाय, समोरच्या वहिनी रोज विचारायला येतात आणि स्वतःच्याच गुडघ्यांचं सांगून जातात, दूधवाला पाणी घालतो आणि आपल्याला बोलता येत नाही हे त्याला कळलंय. बशीरमामा मान खाली घालून ऐकत होते. शब्द ऐकत नव्हते. ती बोलत राहिली आणि त्यांचा अंगठा षड्जाच्या जोडीच्या तारेवरून फिरत राहिला, दुसरा हात खुंटी किंचित, किंचित सैल करत. तार काळी तीन सोडून गेली. आणखी खाली गेली. दूधवाल्याचं सांगून संपत आलं तेव्हा ते थांबले.

“इथं बघा,” ते म्हणाले, आणि तानपुरा तिच्याकडे सरकवला.